सुट्टीची भिंत रंगवायची तर खर्च किती? महाबळेश्वर-पाचगणीच्या शाळांसाठी हिशोब

शाळेत ग्राफिटी करायचं ठरलं की पहिली चर्चा स्प्रेच्या डब्यांची होते. किती लागतील, कुठे मिळतील, पुण्याहून मागवायचे का. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, मेटगुताड या पट्ट्यातल्या शिक्षक-पालकांना माझं सांगणं आहे की डब्यांचा विषय सगळ्यात शेवटी काढा. आधी ठरवा कोणत्या सुट्टीचं चित्र काढायचं, आणि त्या सुट्टीच्या सुमारास भिंत कोरडी असेल का. खर्च या दोन गोष्टींवर ठरतो.

महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जूनपासून भिंत पाणी पीत असते. सप्टेंबर संपला, आकाश मोकळं झालं, ऊन पडलं, तरी भिंतीच्या पोटातली ओल लगेच जात नाही. नेमकी तेव्हाच दिवाळी येते. मुलांच्या डोक्यात किल्ला, आकाशकंदील, फराळ असतो, शाळाही उत्साहात असते आणि बाहेरच्या भिंतीवर घाईघाईने रंग चढतो. मग रंगाच्या आतली ओल बाहेर यायला बघते आणि नाताळाच्या आत पोपडे सुटू लागतात. मुलांनी जीव लावून केलेलं काम असं उखडताना बघणं वाईट असतं. पैसे वाया जातात ते वेगळंच.

म्हणून या भागापुरता साधा नियम असा. दिवाळीआधी काढायचं चित्र कापडावर किंवा प्लायवर करा. नाताळ, संक्रांत, प्रजासत्ताक दिन, होळी यांची चित्रं भिंतीवर घ्या. भिंत तयार आहे का हे बघायला पैसे लागत नाहीत. हातभर जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंतीचा तेवढा भाग काळपट झाला, तर अजून थांबायचं. सावलीतल्या, उत्तरेकडच्या भिंतीला जास्त वेळ लागतो.

कामाचे दिवस निवडताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष हे इथले गर्दीचे दिवस. पसरणी घाटापासून वेण्णा लेकपर्यंत गाड्यांची रांग लागते, राहण्याचे दर चढलेले असतात, आणि सामान आणणारी गाडीसुद्धा जास्त पैसे मागते. या दोन गर्दींच्या मधला काळ, म्हणजे दिवाळीचे पर्यटक परतल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, हा आपला काळ. तोवर भिंत सुकलेली असते, बाहेरून कोणाला बोलावलं तर मुक्कामाचा खर्च आटोक्यात राहतो, आणि नाताळला आलेल्या पाहुण्यांना चित्र तयार दिसतं.

आता आकडे. हिशोबासाठी तीस मुलांचा वर्ग आणि वीस फूट लांब, सहा फूट उंच, म्हणजे १२० चौरस फुटांची भिंत धरू. सहा फुटांच्या वर मुद्दाम जात नाही. त्यापुढे शिडी किंवा परांची लागते, आणि शाळकरी मुलांना परांचीवर चढवू नये. पुढचे दर मधल्या प्रतीच्या मालाचे, अंदाजासाठी धरलेले आहेत. कंपनी, शेड आणि दुकान बदललं की ते वरखाली होणार. दुकानात विचारून दर बदला, प्रमाण मात्र हेच ठेवा.

सगळ्यात आधी भिंत घासून-धुऊन घेणं. यासाठी पेंटरचा एक दिवस, ९०० रुपये. हे पैसे वाचवू नका. जुन्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर चुन्याचे आणि डिस्टेंपरचे थरावर थर असतात. चुन्यावर थेट इमल्शन मारलं तर ते चुन्यासकट सुटून येतं. तारेच्या ब्रशने सैल थर काढायला हवा, शेवाळ घासायला हवं, भेगा भरायला हव्यात. त्यावर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. खरबरीत भिंतीवर एका हाताला लिटरमागे साधारण ५० चौरस फूट धरा. १२० फुटांना अडीच लिटर लागतो, पण सोयीचा डबा चार लिटरचा मिळतो: ८०० रुपये. मग बाहेरच्या कामाचं पांढरं इमल्शन, चार लिटर, १,४०० रुपये. दोन हात मारून दीड लिटरभर उरतं, ते फिक्या छटा बनवायला कामी येतं.

रंग मिसळताना एक चूक सर्रास होते. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनरच्या बाटल्या ओतून गडद लाल किंवा गडद निळा करायला जातात. स्टेनर किती घालायचा याची मर्यादा बाटलीवर लिहिलेली असते. ती ओलांडली की रंग नीट वाळत नाही आणि हाताला लागतो. गडद रंग दुकानातल्या टिंटिंग मशीनवरच करून घ्या. लाल, पिवळा, निळा, काळा असे एकेक लिटरचे चार डबे ४५० रुपयांप्रमाणे १,८०० रुपयांना. फिक्या छटांसाठी स्टेनरच्या तीन बाटल्या, २४० रुपये. पंधरा ब्रश ७५० रुपये, दोन छोटे रोलर २४०, हातमोज्यांचा खोका ५००, मास्किंग टेपची सहा रिळं ३६०. वरून पारदर्शक संरक्षक थर, दोन लिटर, १,००० रुपये. वाईहून किंवा साताऱ्याहून माल आणायचे ६००. मुलं आणि मोठी माणसं मिळून चौतीस जणांचा नाश्ता, माणशी ३० रुपयांनी १,०२०.

इथपर्यंतची बेरीज ९,६१० रुपये. म्हणजे एका मुलामागे ३२० रुपये.

यात स्प्रे अजून आलेलाच नाही. आठ डबे, ३०० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये. स्प्रे हाताळणाऱ्यांसाठी रसायनाची वाफ अडवणारे दोन चांगले मास्क, १,५०० रुपयांप्रमाणे ३,०००. बेरीज १५,०१० वर जाते, मुलामागे ५०० रुपये. एकूण खर्चातल्या रुपयाला ३६ पैसे फक्त स्प्रेपायी गेले, आणि त्या आठ डब्यांनी भिंत भरलेलीही नाही. चारशे मिलिलिटरचा डबा भरीव रंगवायला दहा ते पंधरा चौरस फूट पुरतो. अख्खी भिंत स्प्रेनेच, दोन-तीन थरांत करायची म्हटलं तर वीस-पंचवीस डबे लागतील, म्हणजे सहा ते साडेसात हजार रुपये नुसत्या डब्यांचे. तीस मुलांपैकी अठ्ठावीस मुलं मात्र लांब उभी राहून बघत बसणार. शाळेच्या कामात मला हे मुळीच पटत नाही. पैसे सगळ्या मुलांच्या हातात ब्रश देण्यावर खर्च व्हावेत.

स्प्रे घ्यायचाच असेल तर तो जिथे ब्रशला जमत नाही तिथे वापरा. आकाशकंदिलाभोवतीचा प्रकाश, पणतीची झळाळी, संध्याकाळच्या आकाशातली एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा, आणि इथलं धुकं. महाबळेश्वरचं धुकं स्प्रेने जसं उतरतं तसं ब्रशने उतरत नाही. या कामाला चार डबे पुरतात: पांढरा, पिवळा, केशरी, निळा. हार्डवेअरच्या दुकानात गाडी किंवा लोखंडी गेट रंगवायचे डबे मिळतात आणि त्यांची तोटी बदलता येतेच असं नाही. बारीक आणि जाड फवाऱ्यासाठी तोट्या बदलता येणारे परदेशी डबे दुपटीहून महाग पडतात. शाळेला त्यांची गरज नाही.

स्प्रेच्या बाबतीत वयाची अट पाळावी. नववी-दहावीच्या खालच्या मुलांच्या हातात डबा देऊ नये, आणि मोठ्यांनीही तो उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क घालूनच चालवावा. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क रंगातल्या द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो, म्हणूनच वर तीन हजार रुपये धरले. डब्यात दाबाखाली ज्वालाग्राही वायू असतो. तो उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. एसटीत ज्वालाग्राही वस्तू न्यायला मनाई आहे, तेव्हा डबे खासगी गाडीनेच आणावे लागतील आणि त्याचा खर्च हिशोबात हवा. थंडीत डब्याचा दाब कमी होतो आणि फवारा थुंकल्यासारखा पडतो. अशा वेळी कोणीतरी डबा शेगडीजवळ किंवा गरम पाण्यात धरायचा सल्ला देतं. ते जिवावर बेतू शकतं. रात्री डबे घरात ठेवा आणि काम उशिरा सुरू करा, एवढं पुरे.

उशिरा म्हणजे किती, तेही सांगतो. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेक आणि लिंगमळा भागात पहाटे दव गोठल्याच्या बातम्या येतात. पाण्यातल्या इमल्शनचा थर नीट धरण्यासाठी हवा आणि भिंत या दोन्हींचं तापमान दहा अंशांच्या वर असावं लागतं. सकाळी अकराला पहिला ब्रश, दुपारी चारला शेवटचा. त्यानंतर रंगवलेला भाग रात्रीच्या दवाआधी वाळत नाही.

लहान मुलांनाही फवाऱ्याची मजा हवी असते, आणि ती जवळजवळ फुकट देता येते. झाडांना पाणी मारायच्या बाटलीत पातळ केलेलं, कापडातून गाळलेलं इमल्शन भरा. जुन्या एक्स-रे फिल्मवर तारा, पतंग, पणती, स्ट्रॉबेरी असे आकार कापून छापे बनवा. घरोघरी रांगोळीचे छापे असतात, तेही चालतात. कापायचं काम शिक्षकांनी करावं. स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून छाप्यावर टिपला की कडा स्प्रेसारखी मऊ येते. चौथीपर्यंतच्या मुलांना तर भिंत हवीच कशाला? ब्राउन पेपर, पोस्टर कलर आणि हे छापे. मुलामागे पन्नास-साठ रुपयांत काम होतं आणि वर्ग रंगीत दिसतो.

भिंतीऐवजी कापडाचा हिशोब असा. मांजरपाट तीन फूट पन्ह्याचा, तेरा मीटर, ८० रुपये मीटरने १,०४० रुपये. बांबू आणि दोरी २५० रुपये. पेंटर नाही, भिंतीचा प्रायमर नाही, वरचा संरक्षक थर नाही. बाकीचं सामान तेच. एकूण ८,२०० रुपये, मुलामागे २७३. कापडाला आधी पाणी घातलेल्या पांढऱ्या इमल्शनचा एक हात द्या आणि ताणून वाळवा, म्हणजे रंग पसरत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या सभागृहात किंवा वर्गाच्या व्हरांड्यात टांगायला यासारखं दुसरं काही नाही. सुट्टी संपली की गुंडाळून ठेवता येतं.

प्लाय महाग वाटतो. सहा मिलिमीटरचे आठ बाय चार फुटांचे चार तक्ते, १,४४० रुपयांप्रमाणे ५,७६० रुपये. लाकडाचा प्रायमर ५००. एकूण १३,१७०, मुलामागे ४३९. पण दुसऱ्या वर्षी तक्ते तेच असतात. ब्रश-रोलर धुऊन ठेवले असतील तर तेही नव्याने लागत नाहीत. जुन्या चित्रावर पांढरा हात मारून नवं काढायचं, खर्च ५,९२०, मुलामागे दोनशेच्या आत. जी शाळा दर वर्षी हा उपक्रम करणार आहे तिने प्लायच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. निवासी शाळांना तर तो जास्तच सोयीचा. मुलं दिवाळीला घरी जातात, नाताळाच्या सुमारास कार्यक्रम असतात, तक्ते मंचामागे उभे करता येतात. एकदाच करायचं असेल तर कापड. शाळेची स्वतःची, प्लास्टर केलेली, ऊन मिळणारी भिंत असेल आणि चित्र चार-पाच वर्षं ठेवायचं असेल तरच भिंत.

जांभ्याच्या उघड्या भिंतींबद्दल वेगळं सांगायला हवं. इथल्या जुन्या शाळा, बंगले, कुंपणं जांभ्यात बांधलेली आहेत. तो दगड सच्छिद्र असतो. रंग दुपटीने लागतो आणि पुढच्याच पावसात डाग पडतात. शिवाय तो लालसर-तपकिरी दगड मुळात देखणा आहे. त्यावर रंग लावू नका.

आता चित्राचं. वीस फुटांचे चार-चार फुटांचे पाच भाग करा, सहा मुलांचा एक गट. पहिल्या भागात दिवाळीचा किल्ला. मातीचे किल्ले मुलं दर वर्षी करतात, आणि इथल्या मुलांना तर प्रतापगड जवळच आहे. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची दहा नोव्हेंबर १६५९ ची भेट याच डोंगरात झाली. मुलांनी किल्ल्याचे बुरूज, दरवाजा, तटबंदी प्रत्यक्ष बघून वहीत उतरवावी आणि मग भिंतीवर न्यावी. दुसऱ्या भागात नाताळ: चांदणीचा कंदील, आणि बर्फाऐवजी आपल्याकडचं धुकं, सिल्व्हर ओकची उंच झाडं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचा हंगाम नाताळाच्या आसपासच भरात येतो. तेव्हा लाल रंग कुठे वापरायचा हा प्रश्नच पडत नाही. संक्रांतीचे पतंग, होळीचे रंग, उन्हाळ्याच्या सुट्टीतली जांभळं-करवंदं, आणि या सगळ्यांवरून उडी मारत जाणारं शेकरू. सिनेमातली परदेशी कार्टून पात्रं उतरवू नका. त्यांवर कंपन्यांचे हक्क असतात, आणि मुलांच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं भिंतीवर आलं नाही तर एवढा खर्च कशासाठी?

ग्राफिटीची ओळख अक्षरांत आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमध्ये पोरांनी आपली नावं भिंतींवर लिहायला सुरुवात केली, तिथून ही शैली वाढली. आपल्या मुलांनी ‘शुभ दीपावली’ किंवा ‘सुट्टी’ देवनागरीत लिहावं. रोमन अक्षरं सुटी-सुटी फुगवता येतात. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, म्हणून तिलाच जाड पट्टा करा. ती वाकवा, तिच्यावर पणत्या ठेवा, तिच्यावरून शेकरू पळवा. अक्षर आधी खडूने, हातभर उंच, नुसत्या जाड काठीसारखं काढा. मग त्याला कडेने फुगवा. आत फिका रंग, त्यावर खालच्या बाजूने गडद, सावली सगळ्या अक्षरांना एकाच दिशेला, आणि काळी कड सगळ्यात शेवटी. ओळ सरळ यावी म्हणून पेंटर रंगीत दोरा ताणून भिंतीवर उमटवतो. त्याच्याकडून ते मुलांना शिकवून घ्या, त्याचा दिवस भरलेलाच आहे. वेलांटी आणि उकाराला वर-खाली जागा सोडायला मुलं विसरतात. आधी कागदावर दहाव्या हिश्श्याचा आराखडा केला की ही फजिती टळते.

कामाआधी मुलांना एकदा भिलारला न्या. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य मराठी विकास संस्थेचा तो उपक्रम, वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून सुचलेला. गावातली पंचवीस ठिकाणं पुस्तकांसाठी निवडली गेली आणि सुमारे ७५ चित्रकारांनी स्वेच्छेने ती रंगवली. घरात कोणत्या प्रकारची पुस्तकं आहेत ते भिंतीवरून कळावं, अशी चित्रं. लोकांच्या राहत्या घरांवर, त्यांच्या संमतीने, विषय ठरवून काम कसं करतात हे तिथे दिसतं. इतक्या पावसाळ्यांनंतर कोणती भिंत टिकली आणि कुठे रंग सुटला, हेही मुलांना नीट बघू द्या. त्या एका फेरीत सामानाच्या यादीतल्या निम्म्या शंका मिटतील. सवड असेल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत. भिंतीवर चित्र काढणं या मुलुखाला नवीन नाही, हे मुलांना समजलं पाहिजे.

परवानगीत कसूर नको. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक भिंतीवर परवानगीशिवाय रंगवणं हा महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. शाळेची भिंत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, खासगी असेल तर मालकाचं लेखी पत्र, नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी. तोंडी ‘करा की’ वर विसंबू नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. पॉइंटांवरचे कडे, खडक, झाडांची खोडं, जुन्या मंदिरांच्या आणि चर्चच्या भिंती यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. भिंत रंगवायला शिकलेलं मूल उद्या खडकावर नाव लिहिणार नाही, याची जबाबदारी आपली आहे.

काही वेळा हॉटेलवाले पुढे येतात: मुलांना आमची भिंत द्या, रंग आम्ही देतो. यात मुलांच्या श्रमावर हॉटेलची सजावट फुकट होते. शाळेने असं काम घेऊ नये. घ्यायचंच असेल तर सगळं सामान, नाश्ता, ने-आण आणि शाळेच्या कला विभागाला लेखी ठरलेली देणगी, एवढं आधी मान्य व्हायला हवं. शाळेच्या भिंतीला देणगी दिली म्हणून तिथे कंपनीचा शिक्का रंगवायलाही साफ नकार द्या. नगरपरिषदा स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने भिंती रंगवून घेतात. तिथे रंग मागून बघायला मात्र काहीच हरकत नाही.

बाहेरचा चित्रकार बोलवायचा असेल तर दर चौरस फुटावर सांगितला जातो. समजा त्याने १५० रुपये सांगितले, तर १२० फुटांचे १८,००० झाले. त्यात रंग धरला आहे का, प्रवास आणि मुक्काम कोणाचा, मुलांना शिकवणार की स्वतःच रंगवून जाणार, पहिल्या पावसात रंग सुटला तर दुरुस्ती करणार का, हे सगळं कागदावर घ्या. शाळेसाठी सगळ्यात किफायतशीर व्यवस्था अशी: चित्रकाराला भिंत न देता एक दिवस शिकवायला बोलवा, त्याचं मानधन ठरवा, आणि रंगवायचं काम मुलांकडे ठेवा. पाहुण्या चित्रकाराची सुंदर भिंत आणि मुलांची थोडी वाकडी भिंत यांत शाळेने नेहमी दुसरी निवडावी.

खरेदी करताना डब्यावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. रंगाच्या दुकानात त्यावर सूट मिळतेच, मागायला संकोच करू नका. तीन दुकानांतून लेखी दर घ्या. उत्पादनाची तारीख बघा, डबा हलवून बघा, तळाशी गोळा बसला असेल तर परत करा. मशीनवर केलेली शेड दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी शेड कार्डावर बोट ठेवून क्रमांक लिहून घ्या आणि तो बिलावर टाकायला सांगा. पक्कं बिल शाळेच्या नावावर हवं. माल सदोष निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

काम संपल्यावर ब्रश कुठे धुणार हे आधीच ठरवा. वेण्णा तलावाचं पाणी महाबळेश्वर आणि पाचगणीची माणसं पितात, आणि कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम आपल्या डोक्यावर आहे. ओढ्यात किंवा गटारात रंगाचं पाणी सोडू नका. ब्रश आधी रद्दी कागदावर पुसा, मग दोन बादल्यांत धुवा. पाणी रात्रभर निवळू द्या आणि तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात वेगळा द्या. स्प्रेचे रिकामे डबे आणि रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ते जाळू नका, ठोकू नका, ओल्या कचऱ्यात घालू नका, घंटागाडीवाल्याला वेगळे द्या.

शेवटचा खर्च मे महिन्यातला आहे. महाबळेश्वरला पावसाआधी भिंतींना गवताच्या झडी बांधायची जुनी रीत आहे. चित्राच्या भिंतीलाही झड बांधा, पण गवत भिंतीला घासणार नाही इतकं वीतभर अंतर ठेवून, म्हणजे वारा खेळता राहतो. झड काढल्यावर नोव्हेंबरात एक लिटर पांढरा, उरलेले रंग आणि वरचा पारदर्शक थर यांत डागडुजी होते. झड आणि डागडुजी मिळून दोन हजार रुपये धरा, आणि ते याच वर्षीच्या अंदाजपत्रकात बाजूला काढून ठेवा. पुढच्या वर्षी हा वर्ग वरच्या इयत्तेत गेलेला असेल आणि त्या भिंतीसाठी वर्गणी मागायला कोणी उरणार नाही.